हार्मोनचं औषध गुडघ्यासाठी की हाडासाठी? सांधे झिजलेले आणि हाडं ठिसूळ, दोन्ही असताना काय करायचं

साठी ओलांडलेल्या बाईची फाइल उघडली की पुष्कळदा त्यातून एकमेकांशी भांडणारे दोन कागद निघतात. गुडघ्याचा एक्स-रे सांगतो, हाडाला काटे फुटलेत, कडा जाड झाल्यात. डेक्साचा, म्हणजे हाडाची घनता मोजणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट सांगतो, हाड विरळ झालंय. मग हाड वाढलंय की घटलंय? दोन्ही. सांध्यातली कुर्चा, म्हणजे हाडांमधली मऊ गादी, झिजली की शरीर कडेकडेने नको तिथं हाड घालतं, आणि पाळी गेल्यावर आतलं भार पेलणारं हाड पोखरत जातं. आजार दोन, पण गाठतात एकाच बाईला आणि एकाच वयात, म्हणून घरात दोन्हींना एकच नाव पडतं: हाडांचं दुखणं. त्यात डॉक्टर "हार्मोन देऊन बघू" म्हणाले की शेजारच्या वैनी सांगतात कॅन्सर होतो, मेडिकलवाला सांगतो सूज उतरेल, आणि पेशंट बिचारी गोळी उशाशी ठेवून विचार करत बसते.

गोंधळ 'हार्मोन' या शब्दाचाच आहे. या एका शब्दाखाली निदान पाच औषधं येतात. गुडघ्यात टोचतात ते स्टिरॉइड हे हार्मोनच. पाळी गेल्यानंतर देतात ते इस्ट्रोजेन. हाड बांधायला रोज टोचायचं टेरिपॅराटाइड, म्हणजे पॅराथायरॉइड हार्मोनचा तुकडा. नाकात मारायचा कॅल्सिटोनिनचा स्प्रे. आणि दुधातून घ्यायची 'डी'ची पुडी; डी जीवनसत्त्वही शरीरात हार्मोनसारखंच काम करतं. या पाचांचे पत्ते वेगवेगळे आहेत. सांध्याची सूज झटपट उतरवणारं यात एकच आहे, स्टिरॉइड, आणि तेच पोटातून घेत राहिलं तर हाड खातं. हाड बांधणारं टेरिपॅराटाइड गुडघ्याच्या सुजेला हातही लावत नाही. म्हणून डॉक्टरांना पहिला प्रश्न हा विचारा: "हे हार्मोन नेमकं कोणतं, आणि ते सांध्यासाठी आहे की हाडासाठी?" उत्तर फाइलवर लिहून घ्या.

सूज कशाची आहे ते आधी ठरू द्या

झिजेच्या संधिवातात सकाळी सांधे धरतात, पण अर्ध्या तासाच्या आत मोकळे होतात. दुखणं चालल्यावर, जिना उतरताना, पाटावरून उठताना वाढतं. सकाळचा ताठरपणा तासभर टिकत असेल, दोन्ही हातांच्या बोटांची मुळं आणि मनगटं सुजत असतील, तर तो आमवात असू शकतो आणि त्याची औषधं पूर्ण वेगळी. पायाच्या अंगठ्याचा सांधा रात्रीतून लालभडक झाला तर युरिक अ‍ॅसिड बघावं लागतं. पावसाळा सरता सरता ताप येऊन गेला आणि मग सगळे सांधे धरले, तर चिकुनगुन्या आठवावा. आणि एकच गुडघा गरम, लाल, टम्म, सोबत ताप, पाय टेकवत नाही असं असेल तर सांध्यात पू असू शकतो. तिथं वाट बघायची नाही, त्याच दिवशी दवाखाना. अशा गुडघ्यात स्टिरॉइड टोचलं तर जंतूंना मोकळं रान मिळतं.

ठिसूळ हाड मात्र हाड मोडेपर्यंत दुखत नाही. ही गोष्ट पुष्कळांना पटत नाही. गुडघा दुखतो म्हणून हाडं ठिसूळ झाली, असं नसतं. ठिसूळपणाच्या खुणा वेगळ्या: तरुणपणापेक्षा उंची ४ सेंटिमीटर किंवा जास्त घटणं, पाठीला बाक येणं, साध्या पडण्यात मनगट मोडणं, रिक्षा खड्ड्यात आदळली आणि पाठीत एकदम कळ आली ती दोन-तीन आठवडे गेलीच नाही असं होणं. ही शेवटची खूण दिसली तर पाठीचा एक्स-रे काढायलाच हवा. मणका दबलेला असू शकतो.

डेक्साचा कागद वाचताना

सोसायटीत किंवा मंडळाच्या शिबिरात टाच मशीनमध्ये घालून 'हाडांची तपासणी' करतात ती अल्ट्रासाउंडची चाचणी. ती चाळणी म्हणून ठीक, पण तिच्यावरून वर्षानुवर्षांचं औषध सुरू करू नये. खरी तपासणी कंबरेच्या मणक्यांचा आणि खुब्याचा डेक्सा. जाताना कॅल्शियमची गोळी २४ तास आधी बंद ठेवायची, नुकताच रंग पाजून किंवा टोचून सिटी स्कॅन झाला असेल तर आठवडा-दोन आठवडे थांबायचं, आणि कंबरेच्या भागातल्या पिना, हुक, किल्ल्यांचा जुडगा काढून ठेवायचा. पुढचा डेक्सा शक्यतो त्याच मशीनवर करायचा, नाहीतर तुलना फसते.

कागदावर टी-स्कोअर बघा, म्हणजे तुमचं हाड तरुण निरोगी हाडाच्या तुलनेत कुठं आहे तो आकडा. उणे १ किंवा त्याच्या वर असेल तर ठीक. उणे १ ते उणे २.५ च्या मध्ये असेल तर हाड विरळ होऊ लागलंय. उणे २.५ किंवा त्याच्या खाली गेला तर हाड ठिसूळ. आता सांधे झिजलेल्या बाईच्या कागदावर काय दिसतं ते उदाहरणाने बघू. कंबरेचे चार मणके ओळीने: पहिला उणे १.२, दुसरा उणे ०.९, तिसरा अधिक ०.४, चौथा अधिक ०.८. खाली एकूण आकडा उणे ०.२. समोरच्याने "एकदम छान" म्हणून फाइल मिटली. त्याच कागदाच्या दुसऱ्या पानावर खुब्याच्या मानेचा आकडा आहे उणे २.७. मणके भरीव नव्हते. खालच्या मणक्यांना फुटलेले काटे मशीनने हाड म्हणून मोजले. शेजारच्या मणक्यापेक्षा १ पेक्षा जास्त फरक दाखवणारा मणका हिशोबातून वगळायचा असतो. खुब्याचा आकडा धरा, आणि दोन्ही खुबेही खराब असतील तर हाताचा, मनगटाच्या वरच्या एक तृतीयांश भागाचा डेक्सा मागा. झीज आणि ठिसूळपणा एकत्र असलेल्या पेशंटचं निदान सर्वांत जास्त हुकतं ते इथंच.

सांध्यात स्टिरॉइड टोचून घ्यायचं असेल तर

गुडघ्यातलं प्रत्येक इंजेक्शन स्टिरॉइडचं नसतं. 'वंगण भरलं' म्हणतात ते हायल्युरॉनिक अ‍ॅसिड. ते हार्मोन नाही, महाग आहे, आणि २०१९ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांत गुडघ्यासाठी त्याच्या विरुद्ध कौल आहे. त्याच सूचनांत स्टिरॉइडच्या इंजेक्शनची मात्र ठाम शिफारस आहे. टोचायच्या आधी बाटलीवरचं नाव मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.

गुडघ्यासाठी सहसा ट्रायमसिनोलोन ४० मिलिग्रॅम किंवा मिथाइलप्रेडनिसोलोन ४० ते ८० मिलिग्रॅम वापरतात. आत पाणी भरलेलं असेल तर आधी ते ओढून काढतात. पाणी पेंढ्याच्या रंगाचं आणि नितळ असावं. ते गढूळ निघालं तर इंजेक्शन पुढं ढकलून पाणी लॅबला जायला हवं. टोचल्यावर एक-दोन दिवस गुडघा उलट जास्त दुखू शकतो, कधी चेहरा लाल होतो. बर्फ कापडात गुंडाळून शेकलं की बसतं. दोन दिवस जिने, जोतिबाच्या पायऱ्या, पाणी भरणं बंद. चोळायचं नाही. तिसऱ्या दिवसानंतर दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढतच गेलं आणि ताप आला, तर तो सांध्यातला जंतुसंसर्ग समजून परत जायचं. असं क्वचित होतं, पण झालं तर सांधा हातचा जातो.

डायबेटिस असेल तर टोचल्यावर काही दिवस, कधी आठवडाभर, साखर चढते. घरच्या ग्लुकोमीटरवर रोज बघा आणि डोस वाढवायचा का ते साखरेच्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ते टोचणाऱ्याला सांगणं तुमचं काम. न विचारताही सांगा.

आराम किती दिवस? काही आठवडे, बहुतेकांना दोन ते सहा. तेवढ्यात काय करता यावर पुढचं ठरतं. दुखणं बसलेल्या त्या आठवड्यांत मांडीचे स्नायू तयार करायचे असतात: खुर्चीत बसून पाय सरळ करून ५ सेकंद धरणं, १० वेळा, दिवसातून तीनदा, मग हात न टेकता खुर्चीतून उठणं. नुसतं इंजेक्शन घेऊन बसलात तर दोन महिन्यांनी परत तिथंच.

त्याच गुडघ्यात दुसरं इंजेक्शन निदान तीन महिन्यांच्या अंतराने. आणि दर तीन महिन्यांनी ठरवून घेणं हेही शहाणपणाचं नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात दोन वर्षं दर तीन महिन्यांनी ट्रायमसिनोलोन टोचलेल्या गुडघ्यांतली कुर्चा मिठाच्या पाण्याचं इंजेक्शन दिलेल्यांपेक्षा जास्त झिजली, आणि दुखण्यात फरक पडला नाही. म्हणून इंजेक्शन सूज भडकेल तेव्हाचं. तारीख बघून घ्यायचं नाही. हाडं ठिसूळ असलेल्यांनी आणखी एक हिशोब ठेवायचा. दोन गुडघे, खांदा, टाच, कंबर असं वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या डॉक्टरांनी टोचलं तरी थोडं थोडं औषध रक्तात उतरतं आणि बेरीज एकाच शरीरात होते. वहीच्या शेवटच्या पानावर तारीख, सांधा, औषध, मात्रा अशी चार खाती करा.

पोटातून जाणारं स्टिरॉइड

गुडघ्याच्या झिजेसाठी स्टिरॉइडच्या गोळ्या चालू ठेवायच्या नसतात. हाताच्या बोटांची दुखरी झीज हा एक अपवाद: २०१९ च्या एका डच अभ्यासात प्रेडनिसोलोन १० मिलिग्रॅम रोज, सहा आठवडे दिल्यावर चांगला आराम पडला. पण तो सहा आठवड्यांचाच प्रयोग होता, वर्षभराचा परवाना नव्हे. प्रेडनिसोलोन रोज २.५ मिलिग्रॅम किंवा जास्त, तीन महिन्यांवर चालणार असेल तर हाडाची तपासणी आणि बचाव सुरू व्हायला हवा.

खरा धोका चिठ्ठीवर नसलेल्या स्टिरॉइडचा. रस्त्याकडेला तंबू टाकून बसलेल्या जडीबुटीवाल्याची पुडी, नाव नसलेल्या काळ्या गोळ्या, "तीन दिवसांत गुडघा मोकळा" म्हणणारं चूर्ण. खरंच तीन दिवसांत मोकळा झाला तर त्यातच शंका घ्या. झाडपाला इतक्या झटपट काम करत नाही, डेक्सामेथासोन नावाचं स्टिरॉइड करतं. खुणा अशा: तोंड गोल व्हायला लागतं, भूक वाढते, वजन चढतं, कातडीवर निळे डाग पडतात, नसलेली साखर निघते. आणि पुडी एक दिवस चुकली की अंग मोडून येतं.

अशी पुडी तीन आठवड्यांहून जास्त घेतली असेल तर ती एकदम बंद करू नका. शरीराने स्वतःचं स्टिरॉइड बनवणं थांबवलेलं असतं. अचानक बंद केलं तर उलट्या, चक्कर, रक्तदाब खाली जाणं, कधी बेशुद्धीपर्यंत मजल जाते. उरलेली पुडी हातात घेऊन फिजिशियनकडे जायचं. रागावतील म्हणून लपवायची नाही. खासगी परवडत नसेल तर कोल्हापुरात सीपीआर या सरकारी दवाखान्याची मेडिसिन ओपीडी आहे. डोस उतरवत नेणं तिथं ठरेल.

पाळी जाण्याच्या आसपासचं इस्ट्रोजेन

पंचेचाळीस ते पंचावन्नच्या दरम्यान बोटं, गुडघे, खांदे एकदम धरायला लागतात आणि एक्स-रे साफ निघतो, असं पुष्कळ बायकांचं होतं. इस्ट्रोजेन उतरलं की सांधे कुरकुरतात. स्तनाच्या कॅन्सरनंतर इस्ट्रोजेन उतरवणारं लेट्रोझोल किंवा अ‍ॅनास्ट्रोझोल घेणाऱ्यांचे सांधे धरतात आणि हाडही उतरतं, ते याच कारणाने.

मग इस्ट्रोजेन दिलं की सांधे बरे होतात का? थोडे. अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत गर्भाशय काढलेल्या बायकांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं, तर वर्षभराने सांधे दुखणाऱ्यांचं प्रमाण ७६.३ टक्के होतं आणि खोटी गोळी घेणाऱ्यांत ७९.२ टक्के. सांधे सुजणाऱ्यांचं प्रमाण मात्र इस्ट्रोजेनवाल्यांतच किंचित जास्त निघालं, ४२.१ विरुद्ध ३९.७. म्हणजे दुखणं नखभर कमी, सूज नखभर जास्त. सांध्याच्या सुजेसाठी म्हणून इस्ट्रोजेन सुरू करण्यात अर्थ नाही.

हाडासाठी मात्र ते खरंच चालतं. याच संशोधनाच्या २००२ साली थांबवलेल्या भागात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं औषध) एकत्र घेणाऱ्यांत खुब्याचं हाड मोडण्याचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटलं. शेजारच्या वैनींची कॅन्सरची भीतीही तिथूनच आलीय. १० हजार बायकांनी वर्षभर औषध घेतलं तर स्तनाच्या कॅन्सरच्या ८ केसेस जास्त, पक्षाघाताच्या ८ जास्त, फुप्फुसात गुठळी अडकण्याच्या ८ जास्त, आणि खुब्याचे ५ फ्रॅक्चर कमी, असा तो हिशोब होता. त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. म्हणून आता ठोकताळा असा: वय साठच्या आत, किंवा पाळी जाऊन दहा वर्षं झालेली नाहीत, अंगातून वाफा निघून झोप मोडते, आणि हाड उतरतंय, अशा बाईला इस्ट्रोजेन शोभतं. एका औषधात तीन कामं होतात आणि सांधे थोडे हलके झाले तर तो वरकड फायदा. अडुसष्टाव्या वर्षी नुसत्या गुडघ्यासाठी सुरू करायचं असेल तर नको.

सुरू करण्याआधी रक्तदाब, मॅमोग्राफी, गर्भाशयाची सोनोग्राफी, लिव्हरची तपासणी. स्तनाचा कॅन्सर, पायात किंवा फुप्फुसात गुठळी, पक्षाघात, हार्ट अ‍ॅटॅक, लिव्हरचा चालू आजार, कारण न कळलेला रक्तस्राव, यातलं काहीही असेल तर हा रस्ता बंद. गर्भाशय जागेवर असेल तर इस्ट्रोजेनच्या जोडीला प्रोजेस्टेरॉन लागतंच. एकटं इस्ट्रोजेन गर्भाशयाचं अस्तर वाढवून कॅन्सरची वाट करतं. चिठ्ठीवर दोन औषधं आहेत आणि "एकच परवडतं" म्हणून मेडिकलमधून अर्धी चिठ्ठी उचलली, ही चूक इथं सर्वांत महागात पडते. गुठळीचा धोका त्वचेवर लावायच्या जेलमध्ये गोळीपेक्षा कमी दिसतो. जेल लावलेली जागा नातवंडाच्या अंगाला लागू द्यायची नाही. पहिले काही महिने थोडा डाग दिसू शकतो. सहा महिन्यांनंतर दिसला तर तपासणी. औषध थांबवलं की हाडाचा फायदाही उतरत जातो, तेव्हा बंद करताना पुढं हाडासाठी काय, हे त्याच दिवशी विचारा.

रॅलॉक्सिफेन ६० मिलिग्रॅम ही या घराण्यातली दूरची बहीण. ती मणके वाचवते, खुबा नाही. वाफा वाढवते आणि गुठळीचा धोका तिच्यातही आहे.

टेरिपॅराटाइड: रोजची सुई, दोन वर्षं

मणका दबलाय, टी-स्कोअर फार खाली आहे, किंवा गोळ्या घेऊनही हाड मोडलं, अशांसाठी हे औषध. बाकीची औषधं हाडाची झीज थांबवतात, हे नवं हाड घालतं. गुडघा यानं बरा होईल ही अपेक्षा घरच्यांनी आधीच सोडावी, नाहीतर तिसऱ्या महिन्यात "काय फरक नाही" म्हणून पेन अर्धवट सुटतो आणि पैसे पाण्यात जातात.

मात्रा २० मायक्रोग्रॅम, दिवसातून एकदा, मांडीत किंवा पोटावर कातडीखाली. पेन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत. बर्फाच्या कप्प्याजवळ नाही. गोठलं तर फेकायचं. दाराच्या कप्प्यातही नको, दार दिवसात पन्नासदा उघडतं. दूधवाल्या पिशव्यांच्या मागं मधल्या कप्प्यात एका डब्यात ठेवा. पेन पहिल्यांदा उघडाल ती तारीख त्यावर चिकटपट्टी लावून लिहा. २८ दिवस झाले की औषध उरलेलं दिसलं तरी टाकायचं. एप्रिल-मेमध्ये कोल्हापूर शहरातून घेऊन गगनबावडा, आजऱ्याकडं एसटीने न्यायचं असेल तर रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये बर्फाची पिशवी, त्यावर टॉवेलची घडी, वर पेन. बर्फाला थेट चिकटू द्यायचं नाही.

टोचताना असं. हात धुवा. टोपण काढून आतलं औषध उजेडात धरा: पाण्यासारखं नितळ हवं, गढूळ किंवा रंग आलेलं नको. नवी सुई सरळ धरून फिरवून बसवा. पेनच्या माहितीपत्रकात सांगितल्याप्रमाणे मात्रा भरा. कंपनीनुसार पेन वेगळे, त्यामुळं पहिल्यांदा मेडिकलवाल्यासमोर किंवा नर्ससमोर करून बघा. पोटावर बेंबीपासून दोन बोटं सोडून चिमूट धरा, सुई आत घाला, बटण पूर्ण दाबा आणि सावकाश पाच-सहा अंक मोजेपर्यंत तसंच धरा. लगेच ओढलं तर थेंब बाहेर येतो, म्हणजे डोस कमी गेला. सुई काढून टाका. पेनवर सुई लावूनच परत फ्रिजमध्ये ठेवणं ही नेहमीची चूक. औषध गळतं आणि आत हवा शिरते. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत, झाकण लावून. कचऱ्याच्या पिशवीत टाकल्या तर घंटागाडीवाल्याच्या हातात शिरतात.

पहिले काही दिवस टोचल्यावर उभं राहताना चक्कर येऊ शकते, म्हणून पलंगावर बसूनच घ्यायचं आणि थोडा वेळ तिथंच थांबायचं. ठिसूळ हाडाच्या बाईला चक्कर येऊन पडणं हे औषधापेक्षा महाग पडेल. डोस चुकला तर त्याच दिवशी आठवल्यावर घ्या. एका दिवसात दोन कधीच नाही. रक्तातलं कॅल्शियम टोचल्यावर चार-सहा तासांनी चढलेलं असतं, म्हणून त्याची तपासणी निदान १६ तासांनी. रात्री टोचणाऱ्याने सकाळी सातला लॅब गाठली की रिपोर्ट उगाच वर येतो आणि घाबरून औषध बंद केलं जातं.

हाडाचा कॅन्सर, कॅन्सर हाडात पसरलेला, हाडावर पूर्वी रेडिएशन घेतलेलं, पॅजेटचा हाडाचा आजार, रक्तात कॅल्शियम जास्त, यांना हे औषध चालत नाही. मुतखडा असेल तर सांगून ठेवा. सहसा एकूण दोन वर्षांपुढं देत नाहीत. आणि दोन वर्षं संपली त्या आठवड्यातच हाडाची झीज थांबवणारं अ‍ॅलेन्ड्रोनेट, झोलेड्रॉनिक किंवा डेनोसुमॅब सुरू व्हायला हवं. नाहीतर घातलेलं हाड वर्षभरात ओसरायला लागतं. उलटा क्रमही नको. डेनोसुमॅब चालू असताना ते सोडून टेरिपॅराटाइडवर आलं तर खुब्याचं हाड काही काळ उतरतं. डेनोसुमॅबच्या दर सहा महिन्यांच्या इंजेक्शनची तारीख तर लग्नकार्य, यात्रा काही असो, पुढं ढकलायची नाही. उशीर झाला की एकामागून एक मणके दबल्याची उदाहरणं आहेत.

नाकातला कॅल्सिटोनिन

मणका नुकताच दबलाय आणि कूस बदलता येत नाही, तेव्हा दोन ते चार आठवडे याचा दुखण्यावर उपयोग होतो. २०० युनिट, रोज एक फवारा, आज डावी नाकपुडी तर उद्या उजवी. लांब पल्ल्यासाठी नको: कॅन्सरचा किंचित वाढलेला धोका दिसल्यावर युरोपच्या औषध यंत्रणेने २०१२ साली ठिसूळ हाडासाठी स्प्रेचा वापर थांबवायला सांगितलं. झिजलेल्या गुडघ्यासाठी तोंडाने घ्यायचं कॅल्सिटोनिन मोठ्या चाचण्यांत टिकलं नाही. वर्षभराची चिठ्ठी मिळाली तर कारण विचारा.

पुडी, गोळी आणि ताट

'डी'ची ६० हजार युनिटांची पुडी आठवड्याला एक, आठ आठवडे, मग महिन्याला एक. दुधातून किंवा जेवणानंतर. "ताकद येते" म्हणून रोज एक घेणाऱ्यांना मळमळ, बद्धकोष्ठता, सतत तहान, भ्रम असं होतं आणि किडनीवर येतं. 'डी' भरून काढल्यावर गुडघ्याचं दुखणं जाईल अशी आशा चाचण्यांनी खरी ठरवलेली नाही. पण झोलेड्रॉनिक किंवा डेनोसुमॅबच्या आधी ती भरलेली असलीच पाहिजे, नाहीतर रक्तातलं कॅल्शियम घसरून हातापायांना मुंग्या आणि पेटके येतात.

कॅल्शियम दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम, ताट आणि गोळी मिळून. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास, म्हणजे ५० ग्रॅम पिठाच्या भाकरीत पावणेदोनशे. एक पेला दुधात सव्वादोनशे-अडीचशे. गंगावेशीत समोर पिळलेलं दूध प्यायची हौस असेल तर असू दे, या वयात घरी आणून उकळून. पांढऱ्या रश्श्यातून आणि पायाच्या सुपातून हाडात कॅल्शियम उतरतं हा समज गोड आहे, त्या पाण्यात कॅल्शियम फारच थोडं उतरतं. कमी पडेल तेवढंच गोळीतून. कार्बोनेटची गोळी जेवणाबरोबर, थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब. जाता जाता थायरॉइडचंही बघा: थायरॉक्सिनचा डोस जास्त होऊन टीएसएच तळाला गेला असेल तर तेही हार्मोन हाड पोखरतंच.

अ‍ॅलेन्ड्रोनेट ७० मिलिग्रॅम आठवड्याला एकदा: उठल्याबरोबर, चहाच्या आधी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. चहाबरोबर घेतलेली गोळी वाया जाते, आडवं झालात तर अन्ननलिका भाजते.

व्यायामात एक फरक लक्षात ठेवा. गुडघ्यासाठी रंकाळा तलावाला सपाटीवर चालणं उत्तम. पण मणके ठिसूळ असतील तर कंबरेतून पुढं वाकायची आसनं, पश्चिमोत्तानासन आणि सूर्यनमस्कारातलं वाकणं, बंद. योगाच्या वर्गात हे स्वतः सांगायला लागतं.

गुडघा बदलायची तारीख ठरली तर

शेवटचं स्टिरॉइडचं इंजेक्शन आणि ऑपरेशन यांत निदान तीन महिने ठेवा. मध्ये टोचून घेतलं तर नव्या सांध्यात जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. रॅलॉक्सिफेन ऑपरेशनच्या किमान ७२ तास आधी बंद, आणि नीट हिंडायला लागेपर्यंत बंदच. इस्ट्रोजेन चालू असेल तर सर्जनला आणि भूल देणाऱ्याला दोघांनाही सांगा. दोन-तीन महिने हातात असतील तर डेक्सा आणि 'डी' आधीच करून घ्या, कारण नवा सांधा बसवायचा असतो तो शेवटी त्याच हाडात. आणि इंजेक्शनांची ती वही फाइलसोबत न्या. भूलतज्ज्ञ स्टिरॉइडबद्दल विचारतात तेव्हा "कधीतरी घेतलं होतं" या उत्तरावरून त्यांना डोस ठरवता येत नाही.